आत्याच्या नावावर

"टोक धर, टोक. चादर आहे ती, नवरा नाही. कवटाळू नकोस."

एवढं म्हणून आत्यानं चादरीला असा झटका दिला की समोरची शिवणवाली दोन पावलं पुढं ओढली गेली. दोघींनी चादर ताणली, फटकारली, आणि नेमकी त्याच वेळी दारातून एक बाई आत आली. चादर हवा भरून वर गेली आणि खाली येताना त्या बाईला पोटात घेऊनच आली. आत नुसती धडपड सुरू.

"कोण आहे ते?" आत्यानं विचारलं.

"मी वरच्या ऑफिसातून आलेय," चादरीतून आवाज आला. "कामांचं मोल ठरवायला."

"मग आधी बाहेर या. आतून काय दिसणार?"

सगळा धुलाईखाना हसला. चादरीतून डोकं बाहेर आलं, चष्मा एका कानावर लोंबकळत होता, आणि ती बाईही हसत होती. इथंच ती निम्मी पास झाली. वरून येणारी माणसं आमच्याकडं हसत नाहीत. नाकाला रुमाल लावतात.

धुलाईखाना म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या मागची लांबलचक खोली. मध्ये भिंत. भिंतीच्या पलीकडं मळकी गाठोडी येतात, भिंतीतच बसवलेल्या यंत्रांत जातात आणि अलीकडं स्वच्छ होऊन बाहेर पडतात. मग वाळवणं, मग गरम रोलर, मग घड्या. चादरी, अभ्रे, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं. दिवसभर वाफ अशी की भिंतीवरच्या घड्याळालाही घाम फुटतो. आणि खोलीच्या टोकाला एक खिडकी. त्या खिडकीतून धुतलेला माल वॉर्डांना जातो. खिडकीपाशी एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा. त्या स्टुलावर आत्या.

आत्या ही कुणाची आत्या, असं विचाराल तर मुकादमाची. अगदी सख्खी. त्याच्या बापाची थोरली बहीण. तो आमच्यावर देखरेख करायला आला त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथं होती. तो पहिल्या दिवशी कडक चेहरा करून आत आला आणि खिडकीपाशी जाऊन म्हणाला, "आत्या, डबा विसरलो." झालं. त्या दिवसापासून ती सगळ्यांचीच आत्या.

यातूनच आमच्यात एक रीत पडली. काही बिघडलं की म्हणायचं, "आत्याच्या नावावर टाक." कारण मुकादम आत्याला बोलू शकत नव्हता. जिनं लहानपणी आपलं नाक पुसलं तिला माणूस कोणत्या तोंडानं झापणार? रोलरवर चादर करपली, तर आत्यानं गरम ठेव म्हटलं होतं. गाऊनमध्ये लाल मोजा गेला, तर आत्यानं घातला. मुकादम तावातावानं खिडकीपाशी यायचा.

"आत्या, सगळे गाऊन गुलाबी झालेत."

"होऊ देत रे बाळ्या. आजारी माणसाच्या तोंडावर जरा रंग तरी दिसेल."

मुकादम डोकं खाजवत परत जायचा. आत्या आमच्याकडं वळून म्हणायची, "टाका, टाका. माझी पाठ रुंद आहे." आणि ती खरंच रुंद होती.

तर ती चष्मेवाली. चहाच्या वेळी तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. दवाखान्यातल्या प्रत्येक कामाचं वजन ठरवायचं होतं. कुठलं काम कुठल्या कामाच्या वर, कुठलं खाली, हे एकदा नीट लावायचं, म्हणजे पगाराची श्रेणी त्याप्रमाणे.

"म्हणजे तुम्ही आम्हाला तराजूत घालणार," भोवरा म्हणाला. भोवरा यंत्रं चालवतो. सारखा गरगर फिरत असतो, म्हणून भोवरा.

"तुम्हाला नाही, तुमच्या कामाला. मोल खुर्चीचं ठरतं, खुर्चीत बसणाऱ्याचं नाही. माणूस चांगला आहे, जुना आहे, लाडका आहे, त्याचा इथं संबंध नाही."

"आणि खुर्चीच्या जागी स्टूल असेल तर?" आत्यानं विचारलं.

"स्टूलही चालेल," ती म्हणाली. तेव्हापासून तिचं नाव तराजूबाई.

तिच्याकडं पुठ्ठ्याची कार्डं होती, एकेकावर एकेका कामाचं नाव. त्यातली दोन उचलायची आणि विचारायचं, दोन्हीतलं मोठं काम कुठलं? मोठं ते वर, लहान ते खाली. असं करत करत उतरंड लावायची. ऐकायला सोपं वाटतं. तिनं पहिलीच जोडी काढली, धुलाई यंत्र आणि रोलर. रोलरवर आमचा कडक असतो. इस्त्रीसारखाच ताठ चालतो, म्हणून कडक.

"यंत्र मोठं," भोवरा म्हणाला. "धुतलंच नाही तर हा इस्त्री कशाला करणार, स्वतःच्या मिशीला?"

"अरे, तुझ्या यंत्रातून निघतं ते चुरगळलेलं बोचकं. त्याची चादर मी करतो."

"मळकी चादर वापरता येत नाही. चुरगळलेली येते."

"तुझ्या घरी येत असेल."

पुढ्यातला चहा गार झाला, पण भांडण गरमच राहिलं. तराजूबाईनं शांतपणे कार्डं गोळा केली. म्हणाली, या रीतीचं हे नेहमीचं आहे. उतरंड लागते, पण वरचा का वर आणि खालचा का खाली, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून दुसरी रीत. प्रत्येक काम चार बाजूंनी बघायचं. शिकायला किती लागतं, जबाबदारी किती, कष्ट किती आणि कशा जागेत करावं लागतं. प्रत्येक बाजूला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. त्यासाठी ती एकेकाला मुकादमाच्या खोलीत बोलावून काम समजून घेणार होती.

आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली. लपवली नाही, हे तिचं चांगलं. वरच्या ऑफिसला 'मदतनीस' नावाची पदं बंद करायची होती. ज्या मदतनिसाला ठरलेलं काम निघणार नाही, त्याची बदली तळघरातल्या गोदामात.

धुलाईखान्यात मदतनीस एकच. सगळे एकदम खिडकीकडं बघायला लागले.

तळघर आम्ही पाहिलेलं. मोडके पलंग, गंजलेल्या खुर्च्या, एक दिवा आणि त्या दिव्याला घाबरणारी झुरळं. खिडकी नाही. माणूस नाही. आणि आत्या तर माणसांवर जगणारी बाई. खिडकीतून आया येणार, वॉर्डबॉय येणार, कुणाची सून कशी वागते, कुणाच्या पोराचे दात आले, सगळा दवाखाना तिच्या समोरून जाणार. तिला तळघरात टाकणं म्हणजे माशाला कपाटात ठेवणं.

आत्या खाली वाकली, स्टुलाखालचा पुठ्ठा नीट सरकवला आणि परत बसली.

घरी मात्र तिनं आल्या आल्या जुन्या कॅलेंडरची पानं फाडली आणि कार्डं केली.

"हे काय चाललंय?" आतोबांनी विचारलं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. आयुष्यभर ट्रक चालवला, आता खुर्ची चालवतात.

"तुमचं मोल काढतेय."

लेक हसत येऊन बसली. कार्डांवर घरातली कामं लिहिली. स्वयंपाक, भांडी, पाणी भरणं, दळण आणणं, आणि आतोबांच्या आग्रहाखातर 'बातम्या ऐकणं'. जोड्या लावायला सुरुवात झाली. भांडी मोठी की बातम्या? भांडी. दळण मोठं की बातम्या? दळण.

"जबाबदारीचे गुण धर की," आतोबा म्हणाले. "देशात काय चाललंय त्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"ठेवा. पण देशानं तुम्हाला नेमलेलं नाही."

बातम्यांचं कार्ड सगळ्यात खाली गेलं. त्याच्याही खाली लेकीनं एक कार्ड सरकवलं, 'झोपेत घोरणं'. आतोबा म्हणाले, त्यात कष्टाचे पूर्ण गुण आहेत, पाहिजे तर शेजाऱ्यांना विचारा. तिघंही पोट धरून हसले.

असं त्यांचं नेहमीच चालायचं. शाळा दोघांचीही लहानपणीच सुटलेली. लग्नानंतर कधीतरी दोघांनी ठरवलं की शाळेची शेवटची परीक्षा बाहेरून द्यायची. दोघं मिळून अभ्यासाला बसले. निकालाची गोष्ट आत्या खिडकीत बसून रंगवून सांगायची: "दोघंही जोडीनं आपटलो. लग्नात सगळ्याला जोडीनं बसतात, तसं."

हसणं थांबलं तसं आतोबांनी कार्डं पिसत हळूच विचारलं, "तुला खरंच तळघरात टाकतील?"

"टाकू देत. तिथल्या पलंगांना चादरी घालीन."

पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. आतोबांनी मुकाट्यानं खाल्ली, यावरून काय ते ओळखा.

दुसऱ्या दिवसापासून बोलावणी सुरू झाली. एकेकजण आत जायचा, दार लागायचं. बाहेर येताना प्रत्येकाच्या तोंडावर दूध पिऊन आलेल्या मांजराचा भाव. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, काम सांगितलं."

आत काय चाललं होतं ते असं. भोवऱ्याला तराजूबाईनं विचारलं, "साबण, ब्लीच, किती घालायचं हे कोण ठरवतं?"

"आत्या."

"यंत्राचा पट्टा निसटला तर?"

"आत्या बसवते."

"पाणी किती गरम हवं?"

"आत्याला विचारतो."

"मग तुम्ही काय करता?"

भोवऱ्यानं विचार केला. "मी बटण दाबतो. आत्या दाब म्हणाली की."

मग कडक. रोलरची वाफ आत्या बघते, कुठल्या कापडाला किती ताप ते आत्या सांगते, आपण नुसते चादर सरकवतो. मग शिवणवाली. फाटलेलं शिवायचं की चिंध्यांत टाकायचं ते आत्या ठरवते, माप आत्या घेते, मी आपली पायानं मशीन हलवते. सगळ्यात शेवटी मुकादम. पाळ्या आत्या लावते, नव्या माणसाला आत्या शिकवते, भांडण झालं तर आत्या मिटवते. मी देखरेख करतो. कशावर? आत्यावर.

कुणी कुणाशी ठरवलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, ही युक्ती आपल्या एकट्याच्याच डोक्यात आली. इतकी वर्षं आपले घोळ आत्याच्या नावावर टाकले, आता आपलं एखादं चांगलं काम तिच्या नावावर टाकलं तर काय बिघडलं? एका कामानं तिचं स्टूल वाचेल.

एक काम असतं तर वाचलंही असतं.

तराजूबाई निकाल घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. हिशेब बरोबर आहे पण उत्तर चुकलंय असं वाटणाऱ्या माणसाचा असतो तसा. चहाच्या वेळी तिनं वाचायला घेतलं.

"धुलाईखान्यातलं सर्वांत मोठं काम, मदतनीस."

शिवणवालीनं टाळी वाजवली. मग तराजूबाई पुढं वाचत गेली. रसायनं मोजणं, यंत्राची दुरुस्ती, वाफेवर लक्ष, शिवणकामाचा निर्णय, पाळ्या लावणं, नव्यांना शिकवणं, तंटे सोडवणं. वाचता वाचता तिनं दोनदा श्वास घेतला. टाळी कधीच थांबली होती. भोवरा कडककडं बघत होता, कडक शिवणवालीकडं.

"तू पण?"

"मला काय माहीत तू पण?"

"हे काम मुकादमांच्या कामापेक्षा मोठं निघतंय," तराजूबाई म्हणाली. "मुकादमांचं काम फार लहान आहे. आणि यंत्रवाल्यांचं तर," तिनं चष्मा सारखा केला, "दारवानाच्याही खाली जातंय."

"दारवानाच्या खाली?" भोवरा उभाच राहिला. "तो काय करतो, दार उघडतो."

"दोन्ही बाजूंनी उघडतो. तुम्ही एकच बटण दाबता."

सगळे फिसकन हसले. आत्याही हसली. पण तराजूबाई हसली नाही.

"ऐका. एवढं मोठं काम मदतनिसाच्या नावावर ठेवता येत नाही. त्याचं नवं पद करावं लागेल, विभागप्रमुखाचं. आणि त्या श्रेणीला शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. नियमच आहे. मी आधीच म्हटलं होतं, मोल खुर्चीचं. खुर्ची मोठी झाली की तिच्यात बसायच्या अटीही मोठ्या होतात."

हसू जागच्या जागी विझलं.

"प्रमाणपत्र नसेल तर?" मुकादमानं विचारलं.

"तर बाहेरून कुणीतरी येईल. आणि आत्याबाई मदतनीसच राहतील. आणि मदतनीस म्हणजे..."

"तळघर," शिवणवाली म्हणाली.

आत्या उठली. आमच्याकडं एकेकाकडं बघत म्हणाली, "शाब्बास रे पठ्ठ्यांनो. मला वाचवायला निघालात की वर पोचवायला?"

मग ती तराजूबाईकडं वळली.

"बाई, एक सांगा. त्या मोठ्या खुर्चीत बसायला कुणी मिळालं, मीच मिळाले समजा, तर या बाकीच्यांचं काय?"

"त्यांची कामं कागदावर आहेत तीच राहतील. बटण दाबणं, चादर सरकवणं. श्रेणीही तीच."

"कायमची?"

"पुन्हा मोजेपर्यंत. ते काही लवकर होत नाही." मग तराजूबाईनं अगदी आशेनं विचारलं, "आहे का तुमच्याकडं प्रमाणपत्र?"

आत्यानं ओले हात पुसले. सावकाश पुसले.

"आमचं कसलं आलंय प्रमाणपत्र," ती म्हणाली. "मी शाळा सोडली की शाळेनं मला, तेच अजून ठरलेलं नाही. हे सगळं खोटं आहे बाई. पट्टा कुठून बसवतात ते मला ठाऊकसुद्धा नाही. खोडून टाका."

"लोकांनी सांगितलेलं मी मनानं खोडू शकत नाही," तराजूबाई म्हणाली. "पण डोळ्यांनी बघितलेलं लिहू शकते. तीही एक रीत आहे. उद्या सगळा दिवस इथं बसते. जे दिसेल तेच धरीन."

ती गेल्यावर आत्यानं सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. मुकादमालासुद्धा.

"उद्या ज्यानं त्यानं आपलं काम आपल्या हातानं करायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. माझं नाव कुणी काढलं, तर त्याच्या नावानं आंघोळ करीन. साबण लावून."

दुसऱ्या दिवशी तराजूबाई भिंतीशी खुर्ची घेऊन बसली आणि तमाशा सुरू झाला. भोवरा प्रत्येक माप हवेत उंच धरायचा. "हे ब्लीच मी ओततोय. माझ्या अकलेनं." मग पट्टा निसटला, आणि पट्टा निसटल्याचा इतका आनंद झालेला माणूस आम्ही त्याआधी बघितला नव्हता. आख्खा हात काळा करून त्यानं तो बसवला आणि तो हात तराजूबाईला असा दाखवला जसं काही मेंदीच काढलीय. शिवणवाली चिंधी आणि चादर हातात धरून मोठमोठ्यानं विचार करत होती. मुकादम पाळ्यांचा कागद घेऊन उगाचच चारदा इकडून तिकडं गेला.

मग रोलरपाशी वास आला. अभ्रा करपला होता. चांगला पिवळाधम्मक डाग.

मुकादम आला. "कुणी जाळला हा?"

सवयीनं सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. कडकचं तोंड उघडलं, 'आ' निघालासुद्धा, आणि तिथंच अडकला. खिडकीपाशी बसून आत्या त्याच्याकडं बघत होती.

"मी," कडक म्हणाला.

मुकादमाला इतक्या वर्षांत कुणी 'मी' म्हणालंच नव्हतं. झापायचं कसं, हेच तो विसरला होता.

"बरं," तो म्हणाला. "मग... पुन्हा जाळू नकोस."

"नाही जाळणार."

"हं." दोघंही लाजले आणि आपापल्या दिशेनं निघून गेले.

दुपारी वाफच गेली. बॉयलर रुसला. दुरुस्तीची माणसं आली, पण तोवर रोलर थंड आणि ओल्या चादरींचा ढीग. स्वच्छ माल होता तेवढाच. आणि वॉर्डांना हे कोण सांगणार? खिडकीपुढं रांग लागली, मग रांगेची गर्दी झाली.

तराजूबाई आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी आली.

"लहान मुलांचा वॉर्ड आधी," आत्या म्हणाली. "घे ग. त्यांचं काय, दिलं की भिजलं."

"आत्या, आमच्या खास खोलीतल्या साहेबांना रोज चादर बदलून लागते," एक वॉर्डबॉय म्हणाला.

"साहेब आजारी आहेत की पाहुणे? कालची चालेल. ती चुरगळायला माणूस हलला तरी पाहिजे."

"ते वर तक्रार करतील."

"करू देत. माझं नाव सांग. पाठ रुंद आहे."

पुरुषांच्या वॉर्डची आया तडकली. सकाळपासून तिसरी खेप होती तिची. हातवारे करून ती आत्याला बोलली. तुम्हाला काय, तुम्ही बसून असता, शिव्या आम्ही खातो. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. उलट शब्द बोलली नाही. आयाचा श्वास संपल्यावर म्हणाली, "झालं? पाणी पी. आता सांग, अंथरुणाला खिळलेले किती आहेत तुझ्याकडं? तेवढ्या देते. चालते-फिरते आहेत त्यांना संध्याकाळी. आणि त्यांना सांग, खिडकीतली म्हातारी खडूस आहे."

आया हसली. चादरी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "तुमच्याशी नीट भांडतासुद्धा येत नाही."

वाफ आली तोवर गर्दी ओसरली होती. कुठलाच वॉर्ड उघडा पडला नव्हता आणि खिडकीची काचही शाबूत होती. तराजूबाईनं लिहिणं थांबवलं.

"हे मला कुणीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"काय?" आत्यानं विचारलं.

"हेच. कमी असलं की कुणाला आधी द्यायचं हे ठरवणं. आणि ज्याला नाही म्हटलं त्याचं ऐकून घेणं."

"त्यात सांगायचं काय? खिडकी आहे, माणसं येतात."

तराजूबाईनं आमच्याकडं बघितलं. "जगातली सगळी कामं तुम्ही यांच्या नावावर टाकलीत. यांचं स्वतःचं तेवढं राहिलं."

आम्ही खाली बघत उभे. एवढा मोठा डोंगर रचला आम्ही तिच्या नावावर, आणि त्यात तिचा एक खडा नव्हता. आत्याला तिच्या स्वतःच्या बोलावण्यातही तराजूबाईनं विचारलं होतं म्हणे, तुम्ही काय करता? तर ही म्हणाली, "बसते."

नवा निकाल आला. मदतनीस हे नाव गेलं आणि त्या जागी आलं 'वाटप'. शिकायला लागतं थोडं, पण जबाबदारीचे गुण भरपूर. लोकांची बोलणी खाण्याचे गुण तराजूबाईनं जागेच्या त्रासात धरले. 'वाफ आणि वॉर्ड' असं लिहून. कार्डांच्या उतरंडीत मुकादमाचं काम वर गेलं, आणि त्याच्या खाली शेजारी शेजारी भोवऱ्याचं आणि आत्याचं. प्रमाणपत्राची अट नाही. तळघर नाही. दारवान फार खाली राहिला, भोवऱ्यानं मुद्दाम जाऊन त्याला सांगितलं.

"आत्या, आपण बरोबरीला आलो," तो खिडकीत येऊन म्हणाला.

"मग आजपासून चहा तू आण."

श्रेणीबरोबर वरून एक खुर्ची पण आली. पाठ असलेली, गादीची. आत्यानं तिच्यावर आपली पिशवी ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसली. तराजूबाई निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "अहो, खुर्चीत बसा की."

"तुम्हीच म्हणालात ना, मोल खुर्चीचं आहे म्हणून. मग खुर्चीला बसू द्या. मला काम आहे."

त्यानंतर आमच्याकडं काही जळलं, फाटलं, गुलाबी झालं, की 'मी' म्हणायची सवय लावावी लागली. जड गेलं. मुकादमालाही झापायचं नव्यानं शिकावं लागलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते अजून नीट जमत नाही.

आत्या निवृत्त झाली त्याला आता बरेच दिवस झाले. मध्यंतरी आम्ही सगळे तिच्या घरी चहाला गेलो होतो. आत्या आत कपबश्या लावत होती. भोवऱ्यानं आतोबांना छेडलं, "काय आतोबा, परीक्षेत जोडीनं आपटलात म्हणे. तेवढी तुम्ही पास झाला असतात तर घरात कुणाला तरी मोठी खुर्ची मिळाली असती."

आतोबांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

परीक्षेला दोघं बसले होते हे खरं, ते म्हणाले. नापास ते एकटे झाले होते.